मुलगा सतरा वर्षांचा, क्रेडिट्स चौदाच

प्रश्न: ताई, आम्ही क्वीन्समध्ये राहतो. मुलाला सतरावं पूर्ण झालं. चार हजार मुलांच्या शाळेत आहे, तिसरं वर्ष संपत आलं, पण विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट्स जेमतेम १४. दुसऱ्या वर्षी अल्जेब्रात आणि सायन्समध्ये उडाला, मग हळूहळू शाळेत जाणंच कमी झालं. दिवसभर खोलीचं दार लावून बसतो. काउन्सिलर म्हणाल्या, ट्रान्सफर हायस्कूल बघा. ह्यांचं म्हणणं, "ती वाया गेलेल्या पोरांची शाळा. त्यापेक्षा पुण्याला पाठवू, १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी करेल." मला काही सुचत नाही. – एक आई

उत्तर: आधी पुण्याचा विषय संपवू. १७ नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे, शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांची दहावी-बारावी तिच्यामुळे झाली. पण बारावीला बसायला दहावीचा दाखला लागतो आणि तुमच्या मुलाचं इथलं नववी-दहावीचंच गणित अर्धवट आहे. म्हणजे तिकडे सुरुवात दहावीपासून, कधी न पाहिलेल्या पुस्तकांतून, एकही मित्र नसलेल्या गावात आणि म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या जिवावर. इथे दार लावून बसणारा मुलगा कोथरूडच्या फ्लॅटमध्येही दार लावूनच बसेल. फक्त तुम्हाला ते दिसणार नाही.

आता काउन्सिलर म्हणाल्या त्या शाळेबद्दल. न्यूयॉर्क शहरात अशा पन्नासेक सरकारी शाळा आहेत, फी नाही. साधारण १६ ते २१ वयाची, निदान एक वर्ष हायस्कूलमध्ये काढलेली आणि क्रेडिट्समध्ये मागे पडलेली मुलं तिथे घेतात. शाळा लहान, बहुतेक ठिकाणी दोन-अडीचशे मुलं. तुमच्या मिस्टरांना एक गोष्ट ठासून सांगा: तिथून मिळतो तो राज्याचा नेहमीचाच हायस्कूल डिप्लोमा. अटीही त्याच, ४४ क्रेडिट्स आणि रीजंट्स म्हणजे राज्याच्या विषयवार परीक्षा. हे नियम सध्या बदलण्याच्या वाटेवर आहेत, तेव्हा तुमच्या मुलाला नेमकं काय लागू होईल ते शाळेकडूनच विचारून घ्या.

मला या शाळांमधली सगळ्यात मोलाची वाटते ती सकाळची फोनाफोनी. बऱ्याच ट्रान्सफर शाळांमध्ये 'लर्निंग टू वर्क' नावाचा कार्यक्रम असतो. एखादी सामाजिक संस्था शाळेतच आपली माणसं नेमते, त्यांना ॲडव्होकेट काउन्सिलर म्हणतात. एकेका काउन्सिलरकडे मोजकी मुलं सोपवलेली असतात. मुलगा पहिल्या तासाला दिसला नाही की फोन येतो, आणि तो "आपला मुलगा आज गैरहजर आहे" असा रेकॉर्ड केलेला नसतो. समोर नावानिशी ओळखणारं माणूस असतं: काय रे, ट्रेन चुकली की झोपलायस? गरज पडली तर ही माणसं घरीही येतात. शिवाय पगारी इंटर्नशिप मिळते. चार हजारांच्या शाळेत तुमचा मुलगा महिनोन् महिने हरवून राहू शकला, तिथे ते जमणार नाही.

सगळ्या एकाच साच्यातल्या नसतात. मॅनहॅटनमधली 'सिटी-ॲज-स्कूल' १९७२ पासून चालू आहे; तिथली मुलं आठवड्यातला बराच वेळ शहरातल्या संस्थांमध्ये, ऑफिसांत काम शिकतात आणि त्याचीच क्रेडिट्स मिळवतात. बहुतेक रीजंट्सऐवजी तिथे अभ्यासप्रकल्प करून ते शिक्षकांपुढे मांडावे लागतात. परीक्षेच्या नुसत्या नावाने पोटात गोळा येणाऱ्या मुलाला हे मानवतं. आयतं वेळापत्रक लागणाऱ्याला नाही. क्वीन्समध्येही अशा शाळा आहेत. काही खरंच उत्तम, काही नावापुरत्या, हेही स्पष्टच सांगते. म्हणून बघायला जाल तेव्हा हजेरी किती असते, गेल्या वर्षी किती मुलं डिप्लोमा घेऊन बाहेर पडली आणि वर्षात किती क्रेडिट्स मिळवता येतात, हे तोंडावर विचारा.

शेवटचा प्रश्न का, ते हिशोबाने बघा. मुलाला अजून ३० क्रेडिट्स हवीत. नेहमीच्या शाळेत वर्षाला दहा-अकरा होतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. काही ट्रान्सफर शाळा वर्षाचे दोनऐवजी तीन भाग करतात, तिथे वेग वाढतो आणि नापास झालेला विषय लवकर परत घेता येतो. न्यूयॉर्क राज्यात ज्या शालेय वर्षात एकविसावं लागतं ते वर्ष संपेपर्यंत शाळेत शिकण्याचा हक्क आहे. क्रेडिट्स कमी आहेत म्हणून आताची शाळा त्याला काढू शकत नाही. काउन्सिलरने नाव सुचवलं म्हणजे हाकललं असं समजू नका, आणि कुणी तसं वागलंच तर हा हक्क त्यांना सांगा.

तुमच्या व्हिसाचं तुम्ही लिहिलेलं नाही. मुलगा एच-४ वर, म्हणजे आई किंवा वडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर २१ व्या वाढदिवसाला तोही संपतो. शाळेची मुदत आणि व्हिसाची मुदत या दोन वेगळ्या तारखा आहेत. वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

अजून एक. संध्याकाळी भरणारी 'यंग ॲडल्ट बरो सेंटर्स' आणि जीईडीची तयारी करून घेणारे वर्ग, ही नावंही तुमच्या कानावर येतील. संध्याकाळच्या सेंटरला वय साडेसतरा लागतं आणि गाठीशी निदान १७ क्रेडिट्स, तिथे तुमचा मुलगा सध्या बसत नाही. जीईडी हा डिप्लोमाच्या तोडीचा दाखला आहे, पण शाळा पूर्ण करण्याइतका वेळ हाताशी असताना मी तरी आधी तिकडे वळणार नाही.

दार लावून बसणं हा निव्वळ आळस नसतो बरं का. डॉक्टरांना दाखवा. आणि वाचताना, लिहिताना तो लहानपणापासून अडखळत असेल, तर शाळेकडे शिकण्यातल्या अडचणींच्या तपासणीची मागणी लेखी करा. तोंडी विनंतीचा मागमूस राहत नाही.

आता कामाचं. काउन्सिलरकडून ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे विषयवार निकालपत्रकाची, प्रत मागा आणि मुलाला शेजारी बसवून वाचा. कुठल्या विषयाची किती राहिली, ते त्यालाच कागदावर लिहू दे. बहुतेकांना आकडा माहीतच नसतो, सगळं संपलं असं वाटत असतं. मग दोन-तीन शाळा निवडून थेट फोन करा. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो, सप्टेंबरची वाट बघत बसू नका. मुलाखत होते ती मुलाची. वाचनाची, गणिताची छोटी चाचणी घेतात आणि विचारतात: आधी काय बिनसलं, इथे का यायचंय? आपल्याकडे आई-बाबा मुलाच्या आधी उत्तर देतात. तिथे तसं केलंत तर मुलाला यायचंच नाहीये, असा अर्थ निघेल. मिस्टरांना बरोबर न्या, वर्ग बघू दे, तिथल्या मुलांशी बोलू दे. पण मुलाखतीच्या वेळी दोघंही बाहेरच्या खुर्च्यांवर बसा.