आधी चुका कधी होतात ते बघा

तुम्ही लिहिलंय की पहाटे पाचला उठता, चौदा कामांची यादी करता, तरी दुपारी तीननंतर डोकं चालत नाही आणि रात्री यादीतली निम्मी कामं तशीच असतात. म्हणून वेळ आणि ऊर्जा सांभाळायच्या, विज्ञानाचा आधार असलेल्या सवयी विचारल्यात.

मी काही शास्त्रज्ञ नाही. कल्याणहून रोज फोर्टला जातो आणि एका छोट्या सीए फर्ममध्ये सतरा वर्षं जीएसटीचं काम बघतोय. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र. १४ला २बी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल बनवतं ती यादी, हातात आली की मधले सहा दिवस आमच्याकडे लगीनघाई. अशाच एका १९ तारखेला मी एका पार्टीच्या एकाच खरेदी बिलाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दोनदा घेतलं. पुढे ते व्याजासकट परत भरावं लागलं. रक्कम फार नव्हती, पण शेठ काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा एडिट लॉग उघडला. कोणती एंट्री किती वाजता टाकली आणि नंतर कधी बदलली, हे त्यात दिसतं. दोन महिन्यांच्या माझ्या दुरुस्त्या वहीत उतरवल्या. निम्म्याहून जास्त चुका दुपारी अडीच ते चारमधल्या निघाल्या. सकाळी साडेदहा ते साडेबारात जवळजवळ नाहीतच. आणि गंमत म्हणजे तोवर मी ती सकाळ मेल बघण्यात, फोन घेण्यात घालवायचो आणि ताळमेळाचं किचकट काम ‘जेवण झाल्यावर निवांत’ घ्यायचो.

तेव्हा माझ्या मते पहिली सवय हीच. दोन आठवडे फक्त चुका लिहा, वेळेसकट. तुमचं काम हिशोबाचं नसेल तर एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागला, चुकीच्या माणसाला मेसेज गेला, डबा ऑफिसात राहिला, हेही चालेल. ‘आज उत्साह कसा होता’ हे मात्र लिहू नका, कारण ते आपल्याला कळत नाही. २००३ साली हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चौदा दिवस लोकांना रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. सहा तासवाल्यांची चाचणीतली कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली आणि शेवटी रात्रभर जागलेल्या माणसाइतकी खाली आली. पण झोप येतेय का असं विचारलं तर त्यांचं उत्तर सुरुवातीच्या काही दिवसांनंतर फारसं बदलत नव्हतं. त्यांना वाटत होतं, सवय झाली. सवय झालेली नव्हतीच.

यावरूनच तुमच्या पाचच्या गजराकडे येतो. झोपता किती वाजता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आपण लहानपणी पाठ केलं, मोठेपणी पहिले दोन शब्द गाळले. साडेअकराला आडवं होऊन पाचला उठणं म्हणजे शिस्त नव्हे, उधारी आहे. शिवाय सगळ्यांचं घड्याळ एक नसतं. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या. कोणाची झोप लवकर लागते, कोणाची उशिरा, याला वय आणि आनुवंशिकता दोन्ही कारणीभूत असतात. माझी बायको पहाटे पाचला टवटवीत असते आणि रात्री साडेनऊला बोलता बोलता झोपते. मी तसा प्रयत्न वर्षभर केला. लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या घेण्यापलीकडे काही साधलं नाही.

दुपारचं काय? झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर पुढे बेतलेलं एक साधं चित्र मला पटतं. जागं राहू तसतसा झोपेचा दाब चढत जातो, आणि त्याला तोलून धरायला शरीराचं घड्याळ दिवसभर जागेपणाचा जोर लावतं. दुपारी हा जोर अजून पुरता चढलेला नसतो, दाब मात्र साठलेला असतो, म्हणून खळगा पडतो. जड जेवणाने तो खोल होतो, पण न जेवताही पडतो. म्हणून त्या वेळी स्वतःला आळशी म्हणण्यापेक्षा वेगळं काम हातात घ्यावं. मी आता अडीच ते चार फायली लावणं, पार्ट्यांना फोन, कागद मागवणं असलं काम करतो. एकला बंद आणि चारला उघडं, या पुणेरी दुकानांना आपण उगाच हसतो. वामकुक्षीही थट्टेचा विषय नाही. नासाच्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने चाळीस मिनिटं विश्रांती दिली होती. ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले आणि उरलेल्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा सावध राहिले. आमच्या ऑफिसात आडवं व्हायला जागा नाही. रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीत पंधरा मिनिटं डोळे मिटतो. साहेबांना माहीत आहे, ते बघून न बघितल्यासारखं करतात.

चहाबद्दल लिहिणं जिवावर येतंय, पण लिहितो. मेंदूत दिवसभर साठणारं अॅडेनोसिन आपल्याला झोपेकडे ओढतं. कॅफिन ते काढून टाकत नाही, त्याची जागा अडवून बसतं. आणि रक्तातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. संध्याकाळी सहाची कटिंग एकटी फार बिघडवत नसेल, पण माझ्या चारपासून तीन व्हायच्या. आता चारची शेवटची. पहिले दहा दिवस डोकं दुखलं.

यादीकडे वळू. चौदा कामं ही यादीच मुळात खोटी आहे. राग मानू नका, माझीही तशीच असायची. १९९४च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला आणि लागले ५५. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी ही खोड त्याच्या पंधरा वर्षं आधीच दाखवून दिली होती. काम कसं होईल याचं चित्र आपण रंगवतो, मागच्या वेळी किती वेळ लागला होता ते बघत नाही. उपाय हिशोबनिसाला साजेसा आहे, मागची वही काढायची. एका मध्यम पार्टीचं २बी जुळवायला मी एक तास धरायचो, लागायचे पावणेदोन. आता दिवसाला तीनच मोठी कामं लिहितो. त्यातलं सगळ्यात अवघड साडेदहाला.

आणि त्या दोन तासांत व्हॉट्सअॅप बंद. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धं सोडलेलं काम मनातून लगेच निघत नाही, पुढच्या कामात त्याचं शेपूट अडकून राहतं. पण ऑफिस म्हटलं की अडथळा येणारच. त्यांच्याच पुढच्या अभ्यासातली युक्ती मला फार उपयोगी पडली. उठण्याआधी कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे एका ओळीत लिहून ठेवायचं. माझ्या कीबोर्डखाली ‘बिल ४१७पर्यंत झालं, पुढचं क्रेडिट नोट बघ’ असल्या चिठ्ठ्या असतात. एरवी आपण म्हणतो जर-तरला अर्थ नाही, पण सवय लावताना आहे. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनाचा गाभाच तो. ‘व्यायाम करीन’ म्हणण्यापेक्षा ‘कल्याणला उतरलो की रिक्षा न करता चालत जाईन’ असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं.

रात्रीची एक छोटी गोष्ट. मायकेल स्कलिन यांच्या २०१८च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. माणसं सत्तावन्नच होती, तेव्हा फार भरवसा टाकू नका. पण फुकटचं आहे, करून बघायला हरकत काय?

काही गोष्टी मात्र विज्ञानाच्या नावावर उगाच खपतात. पंचवीस मिनिटं काम आणि मग छोटी सुटी, हा पोमोडोरो फ्रान्चेस्को चिरिलो यांनी स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून सुरू केला. सोयीचा असेल तर वापरा, पण पंचवीस या आकड्यात जादू नाही. ‘मनोबल बॅटरीसारखं संपतं’ ही कल्पना २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तपासली, परिणाम जवळपास शून्य आला. आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे तर विसराच. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी मोजलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि फरक १८पासून २५४पर्यंत. एखाददुसरा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. माझी चारनंतर चहा नाही ही सवय लागायला तीन महिने गेले, आणि मार्चअखेरीस मी ती अजूनही मोडतो.

तर आधी वही करा, बाकी सगळं तिच्यानंतर. तुमच्या चुका दुपारच्या नसून सकाळी सहाच्या निघाल्या, तर गजर पुढे ढकलायला तुम्हाला माझी परवानगी लागणार नाही.

आज १८ तारीख, रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. उद्याची तीन कामं अजून लिहायची आहेत, म्हणून थांबतो.