भरपाई देत नसतात, पावतात

धरणगावहून प्रश्न आलाय : "दालमिलमध्ये मावसभावाचं बोट मशिनमध्ये सापडून गेलं. अर्ज लिहायचा आहे. 'मोबदला' लिहू, 'मदत' लिहू, की 'नुकसान भरपाई'? आणि नुकसानभरपाई हा एक शब्द की दोन?"

'मदत' लिहू नका. ही बातमीदारांनी लावलेली खोड आहे. कामावर माणूस मेला की दुसऱ्या दिवशी 'वारसांना कंपनीकडून मदत' असा मथळा ठरलेला. काही जण त्याच्याही पुढे जाऊन 'सानुग्रह' लिहितात. अनुग्रह गुरू करतो, मालक नव्हे. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा काय सांगतो बघा : कामावरच्या मृत्यूला महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७. पगार १५,००० धरला तर होतात १३,८१,२७५ रुपये. दया अशी दशांशात मोजतात का? मालकाची चूक सिद्ध करण्याचीही अट नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला एवढं पुरतं.

'मोबदला' हा तर आपल्या भागात हायवेनं रुजवलेला शब्द. शेत गेलं, मोबदला आला. बदल, बदली, बदला, मोबदला हे सगळं एकाच अरबी घरचं गणगोत, आणि त्यात अदलाबदल आहे. जमिनीला तो चालेल. पण तुमच्या भावानं बोट विकायला काढलं नव्हतं.

म्हणून 'भरपाई'. आणि खरं सांगायचं तर या एका शब्दासाठीच मी उत्तर लिहायला बसलो.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी 'भरपाई'ची फोड 'पाई-पाई भरून देणे' अशी करतात. बारा पाईंचा आणा, त्यातली ती पाई. ऐकायला गोड, पण साफ चूक. गुरुजींनी हे शाळेत शिकवलं, शाळेतून ते भाषणांत गेलं, आणि आता ते उपटायला मी एकटा. ही 'पाई' नाण्याची नाही, 'पावणे' या क्रियापदाची. पावणे म्हणजे मिळणे, पोचणे. मूळ संस्कृत 'प्राप्'. गळणे-गळती, भरणे-भरती, तशी पावणे-पावती. जुन्या हिशेबी भाषेत भरपाई म्हणजे सगळी रक्कम पोचल्याची पावती. घेणारा खाली लिहायचा, 'भरून पावलो'. आज आपण वैतागून 'भरून पावलो बाबा' म्हणतो, ते मला वाटतं त्याच कागदावरून उचललेलं आहे. हिंदीतही 'भर पाना' आहे, तेव्हा शब्द तिकडून आला असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. नवसाला देव पावतो तो काही हिंदीतून पावत नाही.

आता गंमत बघा. शब्द घेणाऱ्याच्या तोंडचा आहे. देणारा फार तर रक्कम भरेल; भरपाई झाली की नाही हे पावणारा सांगणार. 'कंपनीने भरपाई दिली' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. व्याकरणाला चालतं, मला चालत नाही.

आणि मृत्यूच्या प्रकरणात तर हे क्रियापद एकाच कागदावर दोनदा येतं. वर : 'कामावर असताना मरण पावले.' खाली : 'रक्कम भरून पावले.' मधे काय ते फक्त वय आणि पगार. मी असा एक कागद पाहिलाय. कापसाच्या जिनिंगमधला माणूस मेला होता आणि त्याच्या बायकोचा अंगठा चौथ्या दिवशी स्टॅम्पपेपरवर घेतलेला होता, 'आता काही मागणे नाही' या ओळीखाली. तिला वाचता येत नव्हतं. विचारलं तर एवढंच म्हणाली, की थोडे पैसे भेटले. (आमच्याकडे पैसे भेटतात. पुण्याच्या लोकांनी 'माणसं भेटतात, पैसे मिळतात' हे शिकवायला येऊ नये. इथे पैसा पाहुण्यासारखाच येतो, क्वचित आणि घाईत.)

तो कागद भरपाई नव्हे, भाषेनंही नाही आणि कायद्यानंही नाही. मृत्यू झाल्यावर रक्कम या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर वारसांच्या हातात ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतक्या उचलीचा. आणि हक्क सोडून दिल्याचा करार मुळातच रद्दबातल. १९२३ साली इंग्रजीत कायदा लिहिणाऱ्यांना 'पावणे' ठाऊक असण्याचं कारण नाही, पण कलमं त्यांनी अगदी या शब्दाला शोभेशी लिहिली. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. संहिता शब्दाबद्दलही बोलायचं होतं, पण पुन्हा कधी.

'नुकसान' राहिलंच. अरबी, अर्थ 'कमी होणं, उणं पडणं'. उण्याला भर, सरळ जोडी आहे.

तुमच्या भावाचं. अर्जात नुसतं 'बोट' लिहू नका, कोणतं ते लिहा. कमाईची ताकद किती गेली धरायची हे कायद्याच्या परिशिष्टात ठरलेलं आहे : अंगठ्याला ३० टक्के आहेत, अख्ख्या तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, आणि अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. टक्केवारीतही तिला शेवटचीच जागा मिळाली. अपघाताची तारीख, वेळ, मशिन कोणतं, पगार किती, हेही घाला. पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होत असेल तर मात्र हा अर्ज नव्हे, ईएसआयच्या कार्यालयात जा.

आणि नुकसानभरपाई जोडून लिहा.