खाज गेली, वास राहिला

"मॅडम, पाणी तपासायला पाठवलंच नाही, तरी गोळ्या दिल्या. अंदाजानेच ना?" समुपदेशक म्हणून मला अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बायकांचा हा ठरलेला प्रश्न. निफाड-दिंडोरीकडून द्राक्षबागेतला रोज बुडवून आलेलीला तो पडणारच.

त्यांच्यातल्याच एकीची ही हकिकत, ओळखीच्या खुणा बदलून. पांढरं जाणं, खाज, माशासारखा वास. पोटदुखी नाही, दिवस गेलेले नाहीत, आतून तपासलं तर गर्भाशयाचं तोंड स्वच्छ. लक्षणांनुसार ठरलेल्या औषधांची रंगीत पाकिटं असतात, त्यातलं हिरवं डॉक्टरांनी दिलं: सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच. आठवड्याने बाई वैतागूनच आल्या.

"खाज गेली. वास आहे तसाच."

या उत्तरात सगळं आहे. फ्लुकोनाझोल फक्त बुरशीवर चालतं, तिची खाज थांबली. वास योनीतल्या जिवाणूंच्या बिघाडाचा किंवा ट्रायकोमोनास या परजीवीचा, त्यावर सेक्निडाझोल लागतं. एक औषध लागू पडलं आणि दुसरं नाही, तर दुसरं पोटात गेलं का, हे आधी पाहायचं. "गोळ्या घेतल्या का?" विचारलं की उत्तर "हो"च येतं. म्हणून मी विचारते, "कुठली गोळी कधी घेतली?"

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोठ्या गोळ्या जाऊबाईंना दिल्या. त्यांनापण जातं ना."

"त्यांना आणखी काय होतं?"

"ओटीपोटात दुखतं. परवा तापही होता."

इथे केस फिरली. दुसऱ्या दिवशी जाऊबाई तपासणीला आल्या आणि त्यांना पिवळं पाकीट लागलं: सेफिक्झिम एकदा, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन 14 दिवस. गर्भपिशवी आणि नळ्यांना आलेली सूज हिरव्या पाकिटाने उतरत नाही. अंगावर काढली तर नळ्या बंद होऊन पुढे मूल राहायला अडचण येते. हे कुठल्याही मशीनने नाही, एका साध्या प्रश्नाने कळलं. समुपदेशन म्हणजे नुसतं समजावणं नव्हे, असं मी म्हणते ते यासाठीच.

तर, अंदाज नाही. प्रयोगशाळा हाताशी नसताना नेमका एकच जंतू शोधत न बसता नेहमीच्या कारणांवर त्याच दिवशी एकत्र उपचार होतात. त्यात एक कच्चा दुवा आहे: गनोरिया, क्लॅमिडिया या संबंधातून येणाऱ्या लागणी नुसत्या पांढऱ्या पाण्यावरून ओळखू येत नाहीत, बऱ्याच बायकांना तर काहीच त्रास जाणवत नाही. त्यासाठीच आतून तपासणी, एचआयव्ही-सिफिलिससाठी रक्त, आणि नवऱ्याला लघवीला जळजळ किंवा जखम आहे का, हे विचारणं. या प्रश्नाने बायका बिथरतात.

"म्हणजे यांनीच आणलं?"

तसं नाही. बुरशी किंवा जिवाणूंचा बिघाड परपुरुष-परस्त्रीशिवायही होतो. ट्रायकोमोनास मात्र संबंधातून येतो आणि पुरुषाला बहुधा कळतही नाही. पूर्ण डोस घेऊनही फरक नसेल तर नवऱ्यालाही औषध, तोवर निरोध.

त्या बाईंना नवं पाकीट दिलं, जेवून आल्यावर समोरच घ्यायला लावलं. तोंड कडवट होतं, त्याला घाबरू नये. दारू मात्र वर्ज्य. गरोदर असेल तर फ्लुकोनाझोल पोटात देत नाहीत, आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी देतात. डेटॉल, साबण, तुरटी आत अजिबात नको. खाज सारखी उलटत असेल तर साखर तपासून घ्यावी. आणि पांढरं गेल्याने हाडं झिजत नाहीत.