लवादाचे टीएमसी आणि बंधाऱ्याच्या फळ्या

प्रश्न : मार्कंडेय नदीकाठी आमची शेती असून भात निघाल्यावर बटाटा आणि भाजीपाला नदीच्याच पाण्यावर येतो. मार्च लागला की वरच्या बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्यांवरून गावागावांत वाद सुरू होतो आणि एप्रिलमध्ये आमच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचे तोंड) उघडा पडतो. कृष्णा आणि म्हादईसाठी लवाद नेमूनही भांडण मिटत नाही, तिथे आम्ही चार गावे एकत्र येऊन काय साधणार?
(एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : आपण लवादाचा दाखला दिला आहे, म्हणून आधी त्याविषयी. आंतरराज्य नदी जलविवाद कायदा, १९५६ नुसार नेमलेला लवाद राज्याराज्यांत पाणी वाटतो, गावागावांत नाही. बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) असे वाटून दिले. मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला, त्यामुळे आपल्या बंधाऱ्यात अडलेले पाणीही त्या ७०० टीएमसीतलेच आहे. मात्र एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर, आणि एवढ्या मोठ्या मापात एप्रिलमधली एक फळी कोणाला दिसणार? म्हादईचा लवाद २०१० मध्ये नेमला गेला, त्याचा निवाडा २०१८ मध्ये आला आणि वाद तरीही न्यायालयात गेलाच. आपल्या हंगामाला एवढी सवड नसते.

म्हणून बंधाऱ्यापासूनच सुरुवात करावी. पावसाचा जोर ओसरल्यावर फळ्या घातल्या जातात आणि त्यांच्या फटींत चिखल व गवत कोंबले जाते. हे काम घाईत उरकले, तर बरेच पाणी कोणाच्याही शेताला न लागता गळून जाते आणि त्याचा राग मात्र वरच्या गावावर निघतो. पहिल्या बैठकीत वाटपाचा विषय काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी प्रत्येक बंधाऱ्याच्या खांबावर रंगाने फूट आणि इंचाच्या खुणा कराव्यात, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वरच्या आणि खालच्या गावातील एकेका माणसाने मिळून पाण्याची पातळी पाहावी, वहीत लिहावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. आपले पाणी कुठे जाते याविषयी ज्या गोष्टी आज पारावर ऐकायला मिळतात, त्यातल्या बऱ्याचशा या वहीपुढे टिकणार नाहीत.

त्यानंतर पाळ्या. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, तेव्हा पाण्याची पाळी विजेच्या वेळापत्रकाला धरून लावावी, म्हणजे एकाच वेळी सगळे पंप नदीत उतरणार नाहीत. हा ठराव संबंधित गावांच्या ग्रामसभांत मांडून घ्यावा. पुढे पाणी वापर सहकारी संघ नोंदवता येतो का, याची चौकशी पाटबंधारे खात्याकडे करावी. नदीवर पंप बसवायलाही परवानगी लागते, आणि विनापरवाना पंप आपल्याही गावात असतील, तर ती गोष्ट बैठकीत आपणच आधी सांगितलेली बरी. अर्ज मराठीबरोबर कन्नडमध्येही द्यावा. भाषेच्या हक्काची आपली बाजू मला मान्य आहे, तो लढा त्याच्या जागी चालूच राहील. परंतु नदी पुढे कन्नड भाषकांच्या गावांतून वाहते आणि त्यांची सही नसेल, तर हा ठराव अर्ध्याच नदीचा होईल.

सांडपाण्याचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो आज ना उद्या येणारच. बेळगाव शहर राकसकोपच्या जलाशयातून मार्कंडेयचे पाणी पिते आणि त्याच शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून पुढे त्याच नदीला मिळते. तक्रार करताना बाटलीत भरून नेलेले पाणी पुरावा म्हणून पुरत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, विहित पद्धतीने घेतलेला असावा लागतो. म्हणून मंडळाकडे नमुना घेण्याचीच लेखी मागणी सर्व गावांनी मिळून करावी.

प्रश्न : आमची वेदगंगा महाराष्ट्रातून येते. दोन्ही राज्यांतील गावांचा एकच संघ करता येईल का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : पाणी वापर संस्था ज्या त्या राज्याच्या कायद्याखाली नोंदवल्या जातात, त्यामुळे एकच संघ काढण्याच्या खटाटोपात पडू नये. आंतरराज्य खोऱ्यांसाठी नदी मंडळ कायदा १९५६ पासून आहे, परंतु त्याखाली एकही मंडळ आजवर उभे राहिलेले नाही. दोन्हीकडे स्वतंत्र संस्था ठेवून पातळीची वही तेवढी एक ठेवावी. दूधगंगेवरचे काळम्मावाडीचे धरण दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे, तेव्हा दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठी अशी भागीदारी नवीन नाही. आणि उन्हाळ्यात तिथून पाणी सोडण्याची मागणी करताना दोन्ही बाजूंच्या सह्यांची वही हाती असेल, तर अधिकाऱ्यांना ती बाजूला सारणे कठीण जाईल.