बर्फाची ‘खोली’ की ‘जाडी’?

आर्वी तालुक्यातील एका शाळेत विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकासाठी ‘विमानातील रडारने अंटार्क्टिकावरील बर्फाची खोली आणि त्याखालचा खडक मोजला’ असे वाक्य लिहिले आहे. त्यात ‘खोली’ योग्य की ‘जाडी’, आणि ‘खडक’ म्हणावे की ‘तळ’, अशी विचारणा तेथील शिक्षिकेने केली आहे.

पहिल्या जोडीचा निवाडा विहिरीच्या काठावर होतो. आपल्याकडे विहीर चाळीस फूट खोल असते आणि तिच्यात लागलेला मुरूम दहा फूट जाड असतो. या शब्दांची अदलाबदल कोणी करत नाही. खोली कुठल्यातरी काठापासून खाली मोजतात, म्हणून तो काठ सांगावा किंवा गृहीत धरावा लागतो; जाडीला थराच्या दोन पृष्ठभागांवाचून दुसरा संदर्भ लागत नाही. रडारने मिळते ती जाडी. विमानातून सोडलेल्या रेडिओलहरींचा काही भाग बर्फाच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर आत शिरलेल्या लहरी तळावरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात. या दोन परतींमधील वेळेच्या निम्म्याला लहरींच्या बर्फातील वेगाने गुणले की जाडी निघते. हा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असल्याने २० मायक्रोसेकंदांचा फरक म्हणजे सुमारे १,६८० मीटर बर्फ. हवेतील ३०० मीटरचा वेग धरला, तर तोच आकडा ३,००० होऊन बसेल. (विमानांचे रडार-उंचीमापक जाड बर्फावर चुकीची उंची दाखवत, ती याच आत शिरणाऱ्या लहरींमुळे, त्या चुकीतूनच पुढे ही मोजणी उभी राहिली.)

म्हणून ‘खोली’ हा शब्द येथे वर्ज्य आहे असे नव्हे. पूर्व अंटार्क्टिकातील डेनमन हिमनदीखालची दरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर खोल असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशाने दाखवले; तेथे काठ समुद्रसपाटीचा आहे आणि तो सांगितलेला आहे, त्यामुळे ‘खोल’ अगदी बरोबर. बर्फाच्या पृष्ठभागाच्या उंचीतून जाडी वजा केली असता तळाची उंची मिळते आणि ती उणे आली, तर तळ समुद्रसपाटीखाली आहे असे समजावे. डेनमनच्या अरुंद दरीत मात्र दोन्ही कडांवरून येणाऱ्या परावर्तनांमुळे रडारला तळ नीट ओळखता येत नव्हता, म्हणून बर्फाच्या वाहण्याचा वेग आणि वस्तुमान यांच्या हिशेबाने तो आकडा काढावा लागला.

‘खडक’ या शब्दाबाबत अधिक सावध राहावे. विहीर खणताना काळी माती, मुरूम आणि मग पाषाण लागतो. मुरमालाच कोणी पाषाण म्हटले, तर खणणारा त्याला लगेच टोकेल. बर्फाखालीही कोठे उघडा खडक असतो, कोठे हिमनदीने वाहून आणलेला गाळ, तर कोठे व्होस्तोकसारखे सरोवर. परतलेल्या लहरीची तीव्रता पाणी ओळखायला पुष्कळ मदत करते, परंतु नुसते परावर्तन आले एवढ्यावरून खाली खडकच आहे असे म्हणता येत नाही. तेव्हा बर्फ जेथे संपतो त्या सीमेला ‘तळ’ म्हणावे आणि गाळाखालच्या किंवा उघड्या घट्ट पाषाणासाठी ‘तळखडक’ हा शब्द राखून ठेवावा.

राहिले क्रियापद. खडक मोजत नाहीत, त्याची उंची मोजतात. म्हणून भित्तिपत्रकावर ‘विमानातील रडारच्या साहाय्याने अंटार्क्टिकावरील बर्फाची जाडी मोजून त्याखालील तळाची उंची ठरवण्यात आली’ असे लिहावे.