कळली नाही ती ओळ ठेवायची नाही

प्रिय पोरी,

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना, तू स्वतः लिहितेयस ती ऑपरेटिंग सिस्टीम दाखवायला लॅपटॉप उघडलास. क्यूएमूच्या, म्हणजे लॅपटॉपमधल्या त्या नकली कॉम्प्युटरच्या, काळ्या खिडकीत एक अक्षर उमटलं आणि मग कीबोर्ड ढिम्म. "काका, लिनक्ससारखी तयार सिस्टीम असताना मी हे कशासाठी करतेय?" असं म्हणालीस आणि पाव तसाच हातात राहिला. चार दिवस तेच डोक्यात आहे.

आधी कीबोर्डचं बघू. की दाबली की प्रोसेसरला हाक जाते, तो इंटरप्ट. तो हाताळून झाला की हेक्स २० (सोळावर आधारलेल्या मोजणीतले २०) या पोर्टवर हेक्स २० लिहून, या हाका पुढे पाठवणाऱ्या कंट्रोलरला 'झालं' असं कळवावं लागतं. तू कळवलंच नाहीस, म्हणून तो पुढची की पाठवत नाही. दुसऱ्याच्या कोडमधून पन्नास ओळी उचलल्यास, त्यात नेमकी ही राहिली. टायमरच्या इंटरप्टचा क्रमांक आठवरून बत्तीसवर का हलवलास, हेही मी विचारलं. "तसंच करतात," म्हणालीस. तिथे मला राग आला. अगं, प्रोसेसरच्या लेखी आठ म्हणजे डबल फॉल्ट, एक चूक हाताळताना झालेली दुसरी चूक! कळली नाही ती ओळ ठेवायची नाही.

सिडकोतल्या खोलीत मी हेच करत होतो, १९९७ साली. दिवसा अंबडला नोकरी, रात्री ४८६ कॉम्प्युटर. प्रत्येक प्रयोग फ्लॉपीवर लिहायचा, मशीन रिस्टार्ट करायचं. जीडीटीतला, म्हणजे मेमरीचे भाग प्रोसेसरला सांगणाऱ्या तक्त्यातला, एक आकडा चुकला होता, प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरताच मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीन आठवडे गेले त्यात. आठव्या महिन्यात एक वरिष्ठ म्हणाले, "लिनक्स फुकट मिळतं, तू नवीन काय करणार?" मी फ्लॉप्या खोक्यात टाकल्या. सिस्टीम अपुरी राहिली याचं काही वाटत नाही. मी त्यांचं ऐकलं, ते अजून सलतं.

लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्सनेही १९९१ मध्ये एकविसाव्या वर्षी हा नुसता छंद आहे असंच लिहिलं होतं. पण त्याचा दाखला मी देणार नाही. तू लिनक्स काढावंस म्हणून हे सांगत नाहीये. पुढे कारखान्यात एक मशीन मधेच अडकायचं, सगळे केबली बदलत बसले होते. मला कळलं की इंटरप्ट आलाय आणि कुणी 'झालं' म्हटलेलं नाही. घरचे मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. ते आठ महिने फुकट गेले असं मी अजूनही मान्य करत नाही.

तेव्हा त्या पन्नास ओळी आजच पूस. हो, चालणाऱ्यासुद्धा. बूट सेक्टरच्या, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कवरून सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या, ५१२ बाइटांपासून सुरुवात कर. त्यांच्या शेवटी हेक्स ५५ आणि एए हे दोन बाइट का, ते वहीत लिही आणि मगच पुढे जा. महिनाभर फक्त कीबोर्ड चालला तरी चालेल. कळली नाही ती ओळ ठेवायची नाही, मग ती कितीही मोठ्या माणसाने लिहिलेली असो. माझी असली तरी.

पुढच्या रविवारी वही घेऊन ये. मी कुठल्याही ओळीवर बोट ठेवीन.

तुझा काका