घाम, तुरटी आणि ‘परफ्यूम’ हा एक शब्द

प्रश्न : रोज डोंबिवलीहून लोकलने जातो. सकाळी भरपूर डिओ मारूनही उतरेपर्यंत शर्ट ओला होतो. डिओ बदलावा का?

डिओने घाम थांबत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. काखेतल्या ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातील पदार्थ फोडू लागले की वास सुटतो. डिओडरंट त्या जिवाणूंना आवरते किंवा वास झाकते. घाम प्रत्यक्ष कमी करते ते अँटिपर्स्पिरंट. त्यातील अॅल्युमिनिअमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखे तात्पुरते बूच तयार करतात. आपल्याकडे ‘डिओ’ म्हणून विकले जाणारे बरेचसे डबे उलटून पाहिले, तर मागे अल्कोहोल, ब्यूटेन-प्रोपेनसारखा गॅस आणि परफ्यूम एवढाच ऐवज सापडतो, म्हणजे ते गॅसवर उडणारे अत्तरच झाले. आपण ‘अॅल्युमिनिअम क्लोरोहायड्रेट’ लिहिलेले रोल-ऑन घ्यावे आणि ते सकाळच्या घाईत नव्हे, तर रात्री झोपताना कोरड्या काखेत लावावे. त्या वेळी घाम कमी असल्याने बूच नीट बसते. पांढऱ्या शर्टाच्या काखेत मात्र पुढे पिवळट डाग पडू शकतात.

प्रश्न : अॅल्युमिनिअमची भीती वाटते म्हणून ‘अॅल्युमिनिअम-फ्री’ स्फटिकाची कांडी घेतली. योग्य केले ना?

कांडीच्या मागे ‘पोटॅशियम अॅलम’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे. असल्यास ती तुरटी आहे, न्हावी दाढीनंतर ओल्या गालावर फिरवतो तीच. आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम व अॅल्युमिनिअम यांचे सल्फेट. विक्रेत्याला म्हणायचे असते ते एवढेच, की यात अॅल्युमिनिअम क्लोरोहायड्रेट नाही. तुरटी वाईट नाही, पण दहा रुपयांच्या खड्याला भीतीपोटी मोठी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही. अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे.

प्रश्न : घरी खाण्याचा सोडा आणि खोबरेल तेल मिसळून लावले, तर काख लाल झाली. असे का?

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. त्यातून त्याचे कण काखेत घासले जातात. बंद करावे.

प्रश्न : मुलीला नवीन रोल-ऑनने पुरळ आले. घटकांच्या यादीत काही वावगे दिसत नाही, शेवटी फक्त ‘परफ्यूम’ लिहिले आहे.

संशय त्याच शब्दावर घ्यावा. त्या एका शब्दाआड कधी काही डझन सुगंधी रसायने असतात आणि घटक कोणते, हे ग्राहकाला कळत नाही. यादीत एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात, त्यापुढचे कोणत्याही क्रमाने चालतात. त्यामुळे परफ्यूम शेवटी आहे म्हणून ते नगण्य आहे, असे समजू नये. युरोपीय संघात 2005 पासून ॲलर्जी आणणाऱ्या 26 सुगंधी घटकांची नावे, अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ते 0.001 टक्क्याहून अधिक असल्यास, वेगळी छापावी लागतात, आणि 2023 च्या नियमाने ही यादी 80 च्या पुढे नेली आहे. म्हणून निर्यातीच्या डब्यांवर लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल अशी नावे दिसतात. त्यांतले युजेनॉल लवंगेत असते, लिमोनीन संत्र्याच्या सालीत, लिनालूल लॅव्हेंडरमध्ये. तेव्हा ‘नैसर्गिक सुगंध’ हे अभयपत्र नव्हे. उलट लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावले, की अधिक ॲलर्जीकारक होतात, म्हणून उघडून बरेच महिने झालेली बाटली फेकून द्यावी.

‘अनसेंटेड’ या शब्दावरही विसंबू नये, कारण मूळ घटकांचा वास मारण्यासाठी त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेले घेऊन मागची यादी तरीही वाचावी. पुरळ पूर्ण गेल्यावर नवे उत्पादन आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाएवढ्या जागेत लावून पाहावे. पुरळ पुन्हा आले, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. अशा मुलीला दिवाळीचे सुगंधी उटणेही आधी एवढ्याच जागेवर लावून पाहावे.